दोन दिनार आणि खंडव्याची बस

मागच्या वर्षी एका रविवारी चर्च सुटल्यावर गेटपाशी एक माणूस भेटला, चाळिशीचा असेल, हातात साडीच्या दुकानाची पिशवी. "सलाम ब्रदर" म्हणून सुरूच झाला. पाकीट मारलं गेलं, खंडव्याला जायचंय, आई सीरियस आहे, तीनशे द्या, पोचलो की फोनपे करतो. आणि वर, "प्रभूनेच मला तुमच्याकडे पाठवलंय." आता यावर काय बोलणार भिया! दिले पाचशे. (सुट्टे नव्हते, हेही खरंय.)

दोन महिन्यांनी इंदूरच्या पलासियाला पोहे खात उभा होतो तर तोच माणूस, तीच पिशवी, दुसऱ्याच कुणाला तीच आई सांगत होता, फक्त खंडव्याचं बुऱ्हाणपूर झालेलं.

पाचशे गेले त्याचं एवढं नाही वाटलं, प्रभूचं नाव घेऊन गंडवलं ते डोक्यात गेलं. मग मी पार दुसऱ्या टोकाला गेलो. कुणी हात पुढे केला की मान फिरवायची, ग्रुपवर प्रार्थना विनंतीखाली क्यूआर कोड दिसला की पुढे सरकायचं, आणि या सगळ्याला मी विवेक म्हणायचो. तोंडावर बायबलची वचनंही तयार, "जो काम करणार नाही त्याने खाऊ नये" (2 थेस्सलनीकाकर 3:10). खरं तर तिथे प्रेषित पौल ज्यांची काम करायची इच्छाच नाही त्यांच्याबद्दल बोलतोय, ज्यांना काम मिळत नाही त्यांच्याबद्दल नाही, पण एवढं कोण बघतं.

आत्याला हे सगळं ऐकवलं तर म्हणाली, लूक 10 परत वाच, पैशाची जागा नीट वाच. वाचलं. येशूने सांगितलेली गोष्ट, लुटारूंनी मारून वाटेत टाकलेला माणूस दिसल्यावर चांगला शोमरोनी (म्हणजे परक्या जमातीचा माणूस) आधी स्वतः त्याच्या जखमा बांधतो, तेल-द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्रभर काळजी घेतो. आणि दुसऱ्या दिवशी निघताना दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, देतो कुणाला? जखमी माणसाला नाही, उतारशाळेवाल्याला! वर सांगतो, जास्त लागले तर परत येताना देईन. लहानपणी संडे स्कूलमध्ये ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीय पण हे कधी डोक्यात आलंच नाही. "हिशोबी होता तो," आत्या म्हणाली, "पण आधी खाली उतरला, मग हिशोब."

गेल्या महिन्यात आत्या बरोबर होती आणि गेटपाशी एक पोरगा, विशीतला, बांधकामावरचा वाटत होता, पायात चपला दोन रंगांच्या. ठेकेदाराने पैसे दिले नाहीत, गावी जायचंय. कुठे? खंडवा. मला हसूच आलं. आत्याने सरळ ऑटो थांबवला, चल म्हणाली, तिकीट काढून देते. मला पक्कं वाटत होतं की हा सिग्नलला उतरून पळणार, मी सारखा मागे वळून बघत होतो त्याच्याकडे. तो काही पळाला नाही. बसस्टँडवर आत्याने तिकीट घेतलं, अर्धा डझन केळी घेतली, कंडक्टरला सांगितलं याला खंडव्यालाच उतरव. पोरगा खिडकीशी बसला आणि पहिलं केळं त्याने दोन घासात संपवलं.

बस निघाली तसा त्याने हात हलवला, आत्याला. माझ्याकडे बघितलंही नाही, आणि का बघावं.

परत येताना आत्या म्हणाली, "ऑटोचे तू दे."