मंडईच्या रात्रीची पट्टी

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक आलंच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या या धानाच्या मुलखात नाटकाचा मोसम पार होळीपर्यंत चालतो. आता बहुतेक गावं वडशाची नाट्य प्रेस, म्हणजे तिथली व्यावसायिक नाटक मंडळी, ठरवतात. गावचं मंडळ स्वतः नाटक बसवायचं तेव्हा मात्र महिनाभर आधीपासून शाळेच्या व्हरांड्यात कंदील लावून तालमी चालत. धान निघालेल्या बांधीत, म्हणजे शेतात, मातीचा रंगमंच उभा राही. त्याच्यासमोर वाजवणाऱ्यांसाठी तीनेक फूट खोल खड्डा, खड्ड्यामागे तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरून बायापोरांची बसायची जागा आणि सगळ्यात मागे खाचरं, म्हणजे बैलगाड्या.

त्या खाचरात घोंगडी पांघरून बसलेला माणूस नटापासून दीडशे फूट लांब असे. झाडीपट्टीचा अभिनय भडक असतो म्हणणाऱ्यांनी एकदा तिथून नाटक पाहावं. तिथे नजरेतला भाव पोचत नाही, मनगटातून हलवलेला हात दिसत नाही. हात खांद्यापासून उचलावा लागतो, आणि वाक्यातला मुख्य शब्द टाकण्याआधी क्षणभर थांबावं लागतं. हशा आला की तो उतरू द्यायचा, मगच पुढचं वाक्य. नवखे नट नेमके इथे घाई करून पुढचे दोन संवाद वाया घालवत. गुरनोलीचे झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तो मान या मोकळ्या मैदानातल्या अभिनयाचाही आहे.

माईक वरून टांगलेले असत, साधारण तीन. त्यांची उंची सगळ्यात उंच नटाच्या फेट्यावरून ठरवायची, नाहीतर राजा आला की फेटा माईकला घासून खरखर होते. भोंगे माईकच्या पुढे आणि तोंड लोकांकडे, हे चुकलं की शिट्टी बसलीच. प्रॉम्प्टर पहिल्या विंगेत उभा केला तर त्याचीही वाक्यं भोंग्यातून गावभर जात, म्हणून त्याची जागा दुसऱ्या विंगेत. एवढं करूनही कुणी पाठ फिरवून बोललं की मागून आवाज येई, ‘आयकाले येत नाही ना गा!’

खरी परीक्षा पदांची. नांदीला बहुतेक ठिकाणी 1880 च्या ‘शाकुंतला’तलं ‘पंचतुंड’ असे. सगळे मिळून गात असल्यानं ते निभावून जाई. एकट्यानं गायचं पद मात्र गळ्याच्या पट्टीत, म्हणजे आवाजाला झेपेल अशा सुरात, नसेल तर उघडं पडतं. त्यातही द्वंद्वगीत अवघड. नायकाचा गळा काळी एकचा, म्हणजे ऑर्गनच्या पहिल्या काळ्या सुराला ‘सा’ धरणारा, नायिकेचा त्याहून चढा. दोघांना एकाच पट्टीत ओढलं तर तो तरी किंचाळतो, नाहीतर तिचा आवाज खाली बुडतो. जाणता ऑर्गनवाला नायकाला काळी एक देई आणि नायिकेला त्याचा मध्यम, म्हणजे काळी तीन, षड्ज (सा) म्हणून धरायला लावी. काळी एकला लावलेला तबला मग तिच्यासाठी पंचमात बोलतो, आणि पद चालू असताना तबला पुन्हा लावायला हातोडी घ्यावी लागत नाही. ही जोडणी तालमीतच करावी लागते. नाटकाच्या रात्री ऐनवेळी पट्टी बदलली की ऑर्गनवाल्याची बोटं आणि गाणाऱ्याचा कान, दोन्ही गोंधळतात.

रात्री एक-दीड वाजता दव पडू लागतं, आणि गार हवा आधी त्या खड्ड्यातच साचते. ओल धरली की तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते, सूर उतरतो. ऑर्गन मात्र आपल्या जागी असतो. गाणारा नकळत तबल्याकडे ओढला जातो आणि लोक म्हणतात, आज गळा बसला. यमन रागातलं ‘नाथ हा माझा’ हे पद अशा तबल्यावर ऐकताना जीव तुटतो. कारण त्या पदाचा सगळा गोडवा षड्जावर येऊन टेकण्यात आहे, आणि तो षड्जच तिथे दोन ठिकाणी वाजत असतो.

यावर उपाय दोन दायां, म्हणजे उजव्या हाताचे तबले, ठेवण्याचा. एक वाजवायला, दुसरा घोंगडीत गुंडाळून शेगडीपासून हात-दीड हात लांब. त्याहून जवळ ठेवला तर पुडी कडक होऊन ठोक्यासरशी फाटते. अंक पडला की दायां बदलायचा. सूर जास्त उतरला असेल तर वादीखालचे लाकडी गठ्ठे खाली ठोकायचे, थोडाच फरक असेल तर पुडीच्या कडेच्या विणलेल्या गजऱ्यावर वरून हलके ठोके, तेही समोरासमोरची घरं, म्हणजे वादीच्या दोन फेऱ्यांमधल्या जागा, धरून सोळाही घरांवर सारखे. एकाच बाजूला ठोकत गेलं तर प्रत्येक घर वेगळं बोलू लागतं आणि सूर लागतच नाही.

शेवटच्या अंकापर्यंत पोरं तणसात झोपलेली असत. मागे काहीजण बैल जुंपायला उठत. तेवढ्यात तबलजी घोंगडीतून ऊबदार दायां बाहेर काढी, दोन ठोके देऊन सूर पाही, आणि हातात जू घेतलेली माणसं तशीच थांबत. भैरवी ऐकल्याशिवाय कुणी खाचर हाकत नसे.