बग बंद, विषय चालू

"तू मुद्दाम पाडलंस, म्हणून पडलं." लिनक्सच्या एका ड्रायव्हरमधली (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमधली) चूक मी कळवली होती. सकाळी बंगळूरहून एवढंच उत्तर आलं आणि बग बंद. दादाला सांगितलं तर म्हणाला, "बरोबरच हाय की रं त्यांचं."

बरोबर आहे, चीड त्याचीच येते. मागणारा थोडं थांबायला तयार असेल, तर ३२ केबीपर्यंतच्या मेमरीला कर्नल (लिनक्सचा गाभा) सहसा नाही म्हणतच नाही, कशीतरी भागवतो. मी फेल-एनथमध्ये (कितवी मागणी मुद्दाम फेल करायची ते सांगायची कर्नलमधली सोय) आकडा वाढवत एकेक मागणी नाकारत गेलो. रीसेटच्या मधली एक नाकारली आणि ड्रायव्हरनं आवरताना तोच बफर दोनदा मोकळा केला. कासाननं, म्हणजे मेमरीतल्या चुका पकडणाऱ्या कर्नलमधल्या पहारेकऱ्यानं, लगेच बोंब ठोकली. चूक झाल्यावर सावरायच्या त्या ओळी कुणीतरी लिहिल्यात, पण बहुधा माझ्या टेबलावर येईपर्यंत त्या एकदाही चालल्या नसतील. आणि मीच मुद्दाम पाडणारा!

कौतुक नको होतं. (हवं होतं. जाऊ दे.) आईचे रिपोर्ट आणायचे राहिले ते वेगळंच.

असं मुद्दाम पाडून बघणं, म्हणजे फॉल्ट इंजेक्शन, कर्नलमध्ये २००७ पासून आहे, २.६.२० आवृत्तीपासून. तेव्हापासून हे करणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी हेच ऐकवलं असणार. पुराचंच घ्या. पंचगंगेला ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका. २०१९ ला ती ५५ च्या वर गेली. त्याच्या आदल्या वर्षी कुणी "५५ धरून बघूया" म्हणालं असतं, तर त्यालाही मुद्दाम घाबरवतोस म्हणाले असते. पण एका बगसाठी महापूर काढायचा म्हणजे अतिच झालं. दुपारी एवढा रुसलो होतो की हेही उत्तरात लिहिणार होतो.

चहा झाल्यावर कोड परत वाचला. ती मागणी स्पिनलॉक (धरल्यावर झोपता येत नाही असं कुलूप) धरून केलीय, जीएफपी ॲटॉमिक, म्हणजे 'न थांबता द्या' अशी. तिथं थांबायची सोयच नाही, म्हणजे गर्दीच्या वेळी कर्नल खरोखरच नाही म्हणू शकतो. तो ३२ केबीचा हिशोब इथं लागूच होत नाही.

लिहिलेलं लांबलचक पत्र पुसलं. लॉकची ओळ आणि कासानचा अहवाल, एवढंच चिकटवून बग पुन्हा उघडला. शुक्रवारी संध्याकाळी सहाला. त्यांचाही शनिवार जरा माझ्यासारखा जाऊ दे.