वजाबाकीचा रकाना

निवृत्तीनंतर माणसाने याद्यांत डोकं घालू नये, असं आमच्या घरचं मत आहे. पण सगळी नोकरी आकडेवारीच्या टेबलावर गेली, खोड जात नाही. सध्या स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या नाशिकमधल्या एका छोट्या संस्थेला मी याद्या जुळवून देतो. हरवलेल्या मुलांच्या तक्रारी, बालकल्याण समितीपुढे आलेली मुलं, शाळांची हजेरी, अंगणवाडीची रजिस्टरं. हे सगळं एकत्र करून जिल्ह्यातल्या मानवी तस्करीबद्दल काहीतरी ठोस अधिकाऱ्यांपुढे मांडायचं, असा संस्थेच्या ताईंचा बेत.

मी त्यांना आधी जिल्ह्यातलीच दोन प्रकरणं आठवून दिली.

एक मनमाडचं. मे २०२३ मध्ये दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून ५९ मुलं उतरवून घेतली, काही भुसावळला, काही मनमाडला. तस्करीचा संशय, पाच जणांवर गुन्हे, मुलं बारा दिवस बालगृहात. पुढे निघालं असं, की ती बिहारमधून सांगलीकडे मदरशात शिकायला चालली होती. मार्च २०२४ मध्ये, गैरसमजातून गुन्हे दाखल झाले असं सांगून रेल्वे पोलिसांनी प्रकरण बंद केलं.

दुसरं इगतपुरी तालुक्यातलं, २०२२ चं. कातकरी पाड्यावरची मुलं थोडे पैसे आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढ्यांमागे राबायला दिलेली. त्यातल्या एका मुलीला अत्यवस्थ स्थितीत घरापाशी आणून सोडलं, ती दवाखान्यात वारली, तेव्हा कुठे हे उजेडात आलं. हरवल्याची तक्रार कोण करणार? आईबापांनीच पाठवलेली.

म्हणजे ज्यांची तस्करी झालीच नव्हती ती 'सुटका' म्हणून मोजली जाणार, आणि ज्यांचा खरोखर सौदा झाला त्यांचा एक जीव जाईपर्यंत कुठे पत्ता नाही. अशा याद्यांची नुसती बेरीज करून काय हाती लागणार?

याद्या जोडायचं शास्त्र आहे, आणि ते मला मनापासून आवडतं. धरणातले मासे पकडायचे, खूण करून सोडायचे, पुन्हा जाळं टाकायचं. खुणेचे किती सापडतात त्यावरून एकूण किती असतील ते काढायचं. याद्यांतही तसंच: पहिल्या यादीतलं नाव दुसरीतही आलं, की तो खुणेचा मासा. ब्रिटनच्या गृहखात्यासाठी बर्नार्ड सिल्व्हरमन यांनी २०१४ मध्ये आधुनिक गुलामीसाठी हेच केलं. वेगवेगळ्या यंत्रणांच्या याद्यांत मिळून २०१३ सालचे २,७४४ संभाव्य बळी होते. कोण किती याद्यांत येतं हे पाहून त्यांनी खरा आकडा १० ते १३ हजारांच्या घरात असेल, असा अंदाज बांधला.

पण त्याला याद्या एकमेकींवर अवलंबून नसाव्या लागतात. आपल्याकडे पोलिसांना सापडलेलं मूल २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. कायदा चांगलाच आहे, पण त्यामुळे दोन्हीकडे बरीचशी तीच मुलं. खुणेचे मासे भरपूर सापडतात आणि धरण रिकामं वाटायला लागतं. म्हणून मला पोलिसांशी संबंध नसलेली यादी हवी आहे. द्राक्षाच्या छाटणीला, वीटभट्टीला मुकादमाची उचल घेऊन कुटुंबं निघतात, तेव्हा वर्गातून कोण गायब होतं? पटावरचं नाव तसंच राहतं, त्यामुळे पट कामाचा नाही. पोषण आहाराची रोजची नोंद मागितली आहे. तीही फुगते म्हणा, पण रोज फुगवायचा कंटाळा येतोच.

जुळवणी हा वेगळाच ताप. पाड्यावर निम्मे वाघ, उरलेले हिलम नाहीतर मुकणे. जन्मतारीख बहुतेकांची १ जून. आधार नसलं की वडिलांच्या नावावर भिस्त, आणि ते प्रत्येक रजिस्टरात वेगळं लिहिलेलं. जुळवून झाल्यावर नावं काढून टाकतो, गावही काढतो, फक्त तालुका ठेवतो. दहा-बारा घरांच्या पाड्यात वय आणि साल सांगितलं तरी मूल ओळखता येतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडेही वापरतो, पण बेताने. तिथे एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तरी सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. तस्करीबरोबर खुनाचं कलम लागलं की ते प्रकरण खुनात जमा.

सध्या ताईंचं आणि माझं एका रकान्यावरून अडलं आहे. सुटकेच्या आकड्याशेजारी 'पुढे काय ठरलं' असा रकाना हवा आणि मनमाडसारखी मुलं त्यातून वजा झालीच पाहिजेत, असं माझं म्हणणं. ताई म्हणतात, "काका, आकडा कमी दिसला की साहेब म्हणतील, जिल्ह्यात तस्करीच नाही, संपला विषय." त्यांची भीती खोटी नाही, असे साहेब मीही पाहिलेत. तरी वजाबाकी मी सोडणार नाही. शेवटी ठरलं, की बैठकीत इगतपुरीचं पान आधी ठेवायचं आणि मनमाडचं त्याच्या मागे. वेठबिगारीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी दक्षता समितीने छाटणीच्या आणि भट्ट्यांच्या हंगामात, तक्रारीची वाट न बघता, मळ्यांवर आणि भट्ट्यांवर जाऊन मुलांची यादी करावी, एवढी एकच मागणी. ताईंनी टाइप करताना ती ठळक अक्षरात केली आहे.