तुम्ही विचारलंत म्हणून : एकच चित्र सांगा

"सर, रेनेसाँ, म्हणजे युरोपातला प्रबोधनकाळ, कळायचा असेल तर एकच चित्र कुठलं बघू?" चित्रकला शिकवतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याच्या मनात 'मोनालिसा' असते. मी मासाच्चो या चित्रकाराचं 'ट्रिनिटी', म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही त्रयी, म्हणतो आणि समोरचा जरा हिरमुसतो.

फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये, १४२७ च्या सुमारास काढलेलं हे भित्तिचित्र. मासाच्चो तेव्हा पंचविशीचा, पुढच्याच वर्षी गेला. वर चौकटीचौकटींचं कमानदार छत, त्याखाली क्रूसावर येशू, मागे उभा पिता, म्हणजे देव. दोघांच्या मधलं पांढरं कबूतर म्हणजे पवित्र आत्मा; ते पित्याच्या गळपट्टीसारखं दिसतं, पटकन ध्यानात येत नाही.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) केलं असेल तर छताच्या रेषा पट्टीने खाली वाढवून बघा. त्या मिळतात क्रूसाच्या पायथ्याशी, म्हणजे चर्चच्या फरशीवर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या साधारण उंचीवर. छत खालून दिसतं ते त्यामुळेच. देव कितीही उंच असो, हिशोब मांडलाय तो खाली उभ्या असलेल्या तुमच्या-माझ्या नजरेवरून! मला रेनेसाँ कळला तो इथे. हे गणित वास्तुकार ब्रुनेलेस्कीने त्याच शहरात आधी दाखवलं होतं. मासाच्चोने ते गवंडीकामासारखं भिंतीवर उतरवलं. गिलाव्यात कोरलेल्या रेषा अजून दिसतात.

खांबांच्या बाहेर, आपल्या बाजूला, एक जोडपं गुडघे टेकून बसलंय. चित्राचा खर्च उचललेल्या घरातलं असावं. आधीच्या चित्रांत अशी माणसं बहुतेकदा संतांच्या पायाशी बोटभर असायची. इथे ती क्रूसाजवळ उभ्या येशूच्या आईएवढीच, मेरीएवढीच आहेत. मेरी मात्र आपल्याकडे बघते, हाताने मुलाकडे खूण करते, आणि तिच्या चेहऱ्यावर रडू नाही. ती नजर मला आजही सोसत नाही.

सगळ्यांच्या खाली दगडी पेटीवर सांगाडा. वर लिहिलंय, तुम्ही आहात तसा मीही होतो, आणि मी आहे तसे तुम्हीही व्हाल.

चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वसारीने या चित्राचं कौतुक करताना म्हटलं होतं की भिंतीला भोक पाडल्यासारखं वाटतं. पुढे १५७० च्या सुमारास चर्चची डागडुजी त्याच्याच हाती आली. त्याने त्या भोकापुढे नवी वेदी बांधली आणि वर स्वतः काढलेलं चित्र लावलं. मासाच्चोचं चित्र पुन्हा उजेडात यायला १८६० उजाडलं.