ओल्याबरोबर सुकंही

पी हळद नि हो गोरी, असा हिशेब लाकडापाशी चालत नाही. आज तोडलेलं लाकूड आजच फायरप्लेसमध्ये घाला, ते नुसतं फुसफुसतं. कापलेल्या टोकांना फेस येतो, डोळे चुरचुरतात आणि जाळ टिकतो तो खाली सरकवलेला कागद जळेपर्यंत. मग जो तो फुंकर घालणाऱ्याला सल्ले देऊ लागतो. त्यातला एकही उपयोगाचा नसतो, कारण जे करायचं ते गेल्या वर्षीच करायला हवं होतं.

नुकत्याच तोडलेल्या लाकडात बऱ्याचदा जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. आगीची सगळी धग त्या पाण्याची वाफ करण्यात जाते, असं सांगतात. आकडेमोड करून पाहिली तर ते तितकंसं खरं नाही. एक किलो ओल्या लाकडातल्या अर्धा किलो कोरड्या भागातून साधारण ९ मेगाज्यूल उष्णता निघू शकते आणि अर्धा किलो पाण्याची वाफ करायला लागते सुमारे १.३. म्हणजे जेमतेम सातवा हिस्सा. एवढ्याच बचतीसाठी मी तरी वर्षभर थांबलो नसतो.

खरा घोळ तापमानाचा आहे. आत पाणी खदखदतंय तोवर लाकडाचा तो भाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. जळाऊ वायू जोमाने सुटायला त्याच्या दुपटी-तिपटीने तापमान लागतं आणि ते वायू नीट पेटायला आणखी जास्त. आपण ज्याला ज्वाळा म्हणतो, तो या वायूंचाच जाळ. धग कमी पडली की ते न जळताच धुराड्यात चढतात आणि थंड भिंतींवर काळा, चिकट थर होऊन बसतात. हे क्रिओसोट. पुढे एखाद्या दिवशी चांगला जाळ झाला की हा थरच पेटतो आणि आग थेट धुराड्यात. सुक्याबरोबर ओलंही जळतं ही म्हण वणव्याला ठीक आहे. छोट्या फायरप्लेसमध्ये ओल्याबरोबर सुकंही विझतं.

वाळवण्यात फार कौशल्य नाही, पण चिकाटी लागते. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. पाणी त्या नळ्यांच्या तोंडांतून झपाट्याने निघतं, आडवं फार सावकाश. साल तर ते अडवूनच धरते. म्हणून ओंडके आखूड कापायचे आणि ओले असतानाच फोडून टाकायचे. पाइनसारखं मऊ लाकूड सहा महिने ते वर्षभरात तयार होतं, ओकला दोन वर्षंही लागतात. अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडात मुळातच पाणी कमी, म्हणून उतावळ्यांचं ते लाडकं.

रास जमिनीपासून उचलून, फटी ठेवून रचावी आणि फक्त माथा झाकावा. पावसाच्या धास्तीने काहीजण तिला चहूबाजूंनी ताडपत्रीत गुंडाळतात. आतली ओल आतच कोंडते आणि लाकडाआधी बुरशी तयार होते. उन्हाइतकंच, किंबहुना जास्तच, काम वारा करतो.

सुरुवातीला नळ्यांच्या पोकळीतलं पाणी जातं, तेव्हा लाकूड फक्त हलकं होतं. कोरड्या वजनाच्या तीसेक टक्क्यांवर ओल आली की पेशींच्या भिंतींतलं पाणी निघू लागतं; मग लाकूड आक्रसतं आणि टोकांना गाभ्यापासून सालीकडे भेगा पडतात. त्या दिसल्या की माझा जीव भांड्यात पडतो, पण आणखी वाट पाहायची असते. ओल २० टक्क्यांच्या खाली हवी.

दोन फोडी एकमेकींवर आपटल्या की सुक्या टणटण वाजतात, ओल्या धपकन. ज्यांचा कानावर भरवसा नाही, त्यांच्यासाठी दोन पिनांचा ओलावामापक मिळतो. तो बाहेरून टोचला की आकडा हमखास खूश करणारा येतो. अशा वेळी कुऱ्हाड काढून तीच फोड मधोमध फाडावी आणि पिना आतल्या ताज्या अंगावर रोवाव्यात. २५ दिसले तर दोन्ही तुकडे परत राशीवर, यंदा वाऱ्याच्या बाजूला.