आईला ऐंशीनंतर मॅमोग्राफी करायची का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. "सिस्टर, आईला ८४ वर्षं झाली, तिची मॅमोग्राफी करून घेऊ का?" निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कोल्हापुरात मंगळवार पेठेत भाजी घेताना कुणी ना कुणी मला हे विचारतंच. विचारणारी बहुतेक लेक असते, पुण्या-मुंबईला राहणारी, काळजीनं अर्धी झालेली.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा कॅन्सर शोधायचा एक्स-रे. आईला काही त्रास नसेल, तर त्याच्या मागं लागू नका. वय झालं म्हणून जीव स्वस्त झाला, असं मुळीच नाही. उलट वयाबरोबर या कॅन्सरचा धोका वाढतोच. पण अशा तपासणीचा फायदा पदरात पडायला साधारण १० वर्षं जातात. आज सापडलेली बारीकशी गाठ कदाचित तिला जन्मात जाणवलीही नसती. एकदा सापडली की मात्र सुई, ऑपरेशन, उडालेली झोप, सगळं मागोमाग येतं. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनं २०२४ मध्ये ४० ते ७४ वयाच्या बायकांना दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी सुचवली. ७५ च्या पुढं हो किंवा नको म्हणण्याइतका पुरावाच नाही, असं सांगितलं. ब्रिटनमध्ये ७१ नंतर बोलावणं येत नाही, पण बाईनं स्वतः मागितली तर करून देतात.

हे सगळं त्रास नसलेल्या बाईचं. गाठ हाताला लागली, तर वय बघायचं नाही.

सर्जरीच्या ओपीडीत एक आज्जी आल्या होत्या, सुनेनं बळंच आणलेल्या. खणाच्या चोळीची गाठ सोडायला तयार होईनात. डॉक्टरांना बाहेर थांबवलं, पडदा ओढला आणि त्यांचा हात धरून नुसती बसून राहिले. बऱ्याच वेळानं गाठ त्यांनीच सोडली. आत जुन्या धोतराच्या फडक्याची चौपदरी घडी, हळद-खोबरेल लावलेली. खाली बोंड आत ओढलेलं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी. "दुखत न्हवतं बाई, मग कुणाला कशाला सांगायचं?" दोन वर्षं त्या ती घडी स्वतः धुऊन, कुणाला दिसणार नाही अशी परसात वाळत घालत होत्या.

न दुखणारी गाठच जास्त काळजीची, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला आजही त्याचा राग येतो. उतारवयात हा आजार बऱ्याचदा हार्मोनवर वाढणारा असतो, आणि ऑपरेशन झेपत नसेल तरी रोजची एक गोळी त्याला बराच काळ आवरून धरते.

म्हणून मी लेकीलाच विचारते, आईला आंघोळ कोण घालतं? सुट्टीत आलात की पाठ चोळायला म्हणून न्हाणीत जा. गाठ, काखेत फुगवटा, चोळीला रक्ताचा डाग, यातलं काही दिसलं तर त्याच आठवड्यात सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात न्या, नाहीतर तुमच्या सर्जनकडं.

आणि आई ७६ ची, धडधाकट, रोज रंकाळ्याला फेरी मारणारी असेल, तर तिला तो १० वर्षांचा हिशोब नीट समजावून सांगा. करायची की नाही, ते तिचं तिला ठरवू द्या. तिला बाकावर बसवून तुम्ही आत डॉक्टरांशी परस्पर ठरवू नका.