बडोद्याची माण आणि डांगची थाळी

बडोद्याला मावशी राहते म्हणून जाणं होतंच, पण या वेळी डोक्यात एकच गोष्ट पक्की होती, काहीही करून माणभट्टाचं आख्यान समोर बसून ऐकायचं. बडोदा म्हटलं की आपल्याला लक्ष्मी विलास पॅलेस, सयाजीबाग, नवरात्रातला गरबा आणि फार तर लिलो चेवडो आठवतो, ते सगळं मस्तच आहे, पण याच गावात गेली तीनेकशे वर्षं कुणी ना कुणी तांब्याचा हंडा समोर घेऊन बसतं, बोटांत अंगठ्या चढवतं आणि त्या हंड्यावर ठेका धरून रात्र रात्र गोष्ट सांगतं, हे महाराष्ट्रात कितीजणांना माहीत असेल? त्या हंड्याला म्हणतात माण, आणि वाजवून गोष्ट सांगणारा तो माणभट्ट. काही जण गागरिया भट पण म्हणतात. आता खुद्द गुजरातेत हे करणारे अगदी मोजके उरलेत.

मावशीचं घर दांडिया बाजारात. जुना मराठी भाग. सकाळी खिडकीतून भाजीवाल्याशी गुजरातीत घासाघीस करत असलेली मावशी वळून त्याच दमात माझ्याशी मराठीत बोलते आणि तिला स्वतःला ते कळतही नाही. मी आख्यानाचं विचारलं तर म्हणाली, "अगं, लहानपणी आम्ही आईबरोबर जायचो की. आपल्या कीर्तनासारखंच असतं, फक्त बुवा उभे नसतात, बसलेले असतात. आणि आपल्या बुवांच्या हातात चिपळ्या, त्यांच्या हातात अंगठ्या." मग तिनेच चार फोन केले आणि कळलं की रावपुऱ्याकडे एका जुन्या मंदिरात रात्री आख्यान आहे, कुंवरबाईचं मामेरुं.

मधला दिवस मावसभावाने गाव फिरवण्यात घालवला. सूरसागर तलावासमोर म्युझिक कॉलेजची इमारत आहे, तिथे मात्र मी जरा रेंगाळले. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये इथे गायनशाळा सुरू केली आणि मौलाबक्ष नावाच्या वीणावादकाच्या हातात सोपवली, जे उत्तरेचं आणि दक्षिणेचं दोन्ही संगीत जाणत होते आणि गाणं कागदावर लिहायची स्वतःची पद्धत ज्यांनी बसवली. सुफी म्हणून पुढे जगभर नाव झालेले इनायत खान हे त्यांचेच नातू, जन्म बडोद्यातलाच. मी नाशिकची असल्यामुळे सयाजीराव आमच्या मालेगावजवळच्या कवळाण्याचे याचा जरा जास्तच अभिमान बाळगून मी तिथे उभी होते हे खरं. पण माण या शाळेत कधी शिरली नसणार असं मला तिथे उभं राहून वाटलं, कारण शाळेत राग शिकवता येतो, ताल शिकवता येतो, पण एकाच माणसाने तासन् तास गोष्ट सांगायची, गायची, चार पात्रं करायची आणि त्याच वेळी दोन्ही हातांनी ठेका पण सांभाळायचा, हे कुठल्या पिरियडमध्ये बसवणार. ते बापाकडून मुलाकडे, शेजारी बसून बसूनच येतं. धार्मिकलाल पंड्या हे बडोद्याचे गाजलेले माणभट्ट, त्यांच्याकडे ते असंच वडिलांकडून आलं होतं, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही त्यांना मिळाला होता.

रात्री आम्ही वेळेच्या बरंच आधी गेलो कारण मावशी म्हणाली पुढे बसल्याशिवाय मजा नाही, आणि तिचं शंभर टक्के बरोबर होतं.

सभामंडपात एक चौरंग, त्यावर कापडाची चुंबळ आणि चुंबळीवर ती माण. पोट भलंमोठं गोल, तोंड एकदम अरुंद. शेजारी पेटीवाला, तबल्यावर एक पोरगा आणि झांजा घेऊन एक आजोबा. माणभट्ट महाराज आले, नमस्कार केला आणि शांतपणे एकेक अंगठी बोटात चढवायला लागले, चांगल्या जाडजूड अंगठ्या, दागिना म्हणून कुणी घालणार नाही अशा. मग त्यांनी माणेच्या पोटावर एक टिचकी मारली आणि जो काही आवाज निघाला! टण्ण असा उठला आणि मग विरायला बराच वेळ घेतला त्याने. तोंडाजवळ काठावर वाजवलं की बारीक टिणटिण, खांद्यावर जरा भरीव, पोटावर खणखणीत, आणि मधेच उघड्या तोंडावर तळहात आपटून उचलला की आतली हवा दबून सुटते आणि खालून घुम्म असा खर्ज येतो. म्हणजे डग्गा पण तोच, तबला पण तोच, झांज पण तोच. दक्षिणेतला घटम् मी ऐकलाय, तो मातीचा, त्याचा बोल सुटसुटीत आणि कोरडा असतो आणि हाताने अंगठीशिवाय वाजतो. तांब्यात नाद रेंगाळतो, त्यामुळे पुढचा ठोका मागच्याच्या शेपटीवर पडतो आणि सगळं एकमेकांत गुंतत जातं. वाजवणाऱ्याला तो नाद कुठे हाताने दाबायचा आणि कुठे मोकळा सोडायचा हे कळलं नाही तर नुसता भांड्यांचा गोंगाट होईल.

आता गोष्ट. मामेरुं म्हणजे लेकीच्या डोहाळजेवणाला माहेरून जाणारा आहेर. नरसी मेहता जुनागढचे, लेक कुंवरबाई उन्याला दिलेली, आई नाही, वडील भगत माणूस, घरात भजनाशिवाय काही नाही. मोडक्या गाडीतून वैष्णवांचा मेळा घेऊन ते लेकीच्या सासरी पोचतात, आहेराच्या नावाने टाळ, तुळस आणि गोपीचंदन. सासरचे हसतात. हे सतराव्या शतकातल्या प्रेमानंदाने रचलेलं, तो बडोद्याचाच आणि स्वतः माणभट्टच. गुजराती भाषेला मान मिळेपर्यंत डोक्याला पगडी बांधणार नाही अशी त्याने शपथ घेतली होती अशी गोष्ट तिकडे घराघरात सांगतात. त्याची आख्यानं कडव्यांची असतात, कडव्याच्या सुरुवातीला मुखबंध म्हणजे प्रस्तावना, मग ढाळ म्हणजे मुख्य कथन, आणि शेवटी वलण, ज्यात सांगून झालेल्याचा धागा पुढच्याला जोडला जातो. वाचताना हे मला कवितेचं व्याकरण वाटलं होतं. ऐकताना कळलं की हे सगळं माणेसाठी आहे! मुखबंधाला ठेका सावकाश, ढाळ सुरू झाला की बोटं पळायला लागतात, आणि वलणाला पुन्हा हळू, म्हणजे सांगणाऱ्याला श्वास घ्यायला आणि ऐकणाऱ्याला मांडी बदलायला जागा.

तर नरसींना आंघोळीला उकळतं पाणी दिलंय, विसणाला गार पाणी मागितलं तर विहीण टोमणा मारते, एवढे मोठे भक्त आहात तर गाऊन पाऊस पाडा की. आणि ते टाळ घेऊन मल्हार आळवायला लागतात. इथे महाराजांनी पेटी थांबवली. तबला थांबवला. झांजवाल्या आजोबांनी झांजा मांडीवर ठेवल्या. माणेच्या खांद्यावर एका अंगठीने एक टिपका. मग थोडं थांबून दुसरा. मग दोन जवळजवळ. सगळा मंडप गप्प. मग दोन्ही हातांच्या अंगठ्या पोटावरून अशा काही उतरायला लागल्या की पत्र्यावर पहिला वळीव कोसळावा तसं झालं, आणि त्याच्या खाली मधूनमधून तळहाताचा घुम्म म्हणजे गडगडाट, आणि त्या सगळ्याच्या वर त्यांचा आवाज मल्हारात. माझ्या शेजारच्या बाईंनी सरळ पदर डोळ्याला लावला. मला गुजराती पुरती येत नाही, निम्मे शब्द मावशी कानात सांगत होती, पण त्या पावसाला काही सांगायची गरज नव्हती. मी बरेच मोठे कलाकार मोठमोठ्या हॉलमध्ये ऐकलेत आणि तरी सांगते, एका वाद्यावर एवढी गोष्ट उभी राहिलेली मी पाहिली नव्हती.

पुढे आजेसासू आहेराची यादी लिहवते, संपतच नाही अशी, आणि शेवटी चिडून दोन दगड पण लिहा म्हणते, मग देव दोशी व्यापारी बनून येतो, सगळं देतो आणि ते दोन दगड सोन्याचे देतो. ती यादी सांगताना एकेका वस्तूला एकेक टण् आणि लय वाढत वाढत, लोक हसून बेजार.

कीर्तनाशी तुलना मनात येतेच. आपल्याकडेही कीर्तनाच्या दुसऱ्या भागाला, उत्तररंगाला, आख्यानच म्हणतात, बुवा गातात, निरूपण करतात, पात्रं उभी करतात. पण आपल्या बुवांचा मुख्य ताल मागे तबलेवाल्याच्या हातात असतो, तो बुवांकडे बघून अंदाज घेतो. इथे गोष्ट सांगणारा आणि ताल धरणारा एकच. त्यामुळे शब्द जिथे अडखळायला हवा तिथे ठेकाही त्याच क्षणी अडखळतो, कुणाकडे बघायला लागत नाही. मला वाटतं माणेची खरी ताकद यात आहे. तिच्यावर सोलो वाजवता येईल, फ्यूजनमध्येही कुणीतरी घेईल, पण गोष्ट काढून घेतली तर ती पुन्हा पाणी भरायचा हंडा.

कार्यक्रम संपल्यावर मावशीने मला पुढे ढकललं. महाराजांनी माण हातात दिली, जड होती, आणि बाहेरून सगळ्या अंगावर हातोडीचे बारीक ठोके दिसत होते, पुण्याच्या तांबट आळीत ज्याला मठारकाम म्हणतात तसे. म्हणाले, आजोबांच्या वेळची आहे, बाजारात मशीनवर दाबलेले हंडे मिळतात ते बोलत नाहीत. त्यात तथ्य आहे, तांबं मुळात मऊ, ठोकून ठोकूनच ते कडक होतं आणि कडक झाल्याशिवाय वाजत नाही. अंगठ्या घालून बघ म्हणाले. मी घालून चार ठोके मारले आणि बोटाच्या हाडापर्यंत झिणझिण्या गेल्या. असं तीन-तीन तास! त्यांच्या बोटांच्या सांध्यांवर घट्टे होते.

दुसऱ्या दिवशी भाऊ मला तेजगढला घेऊन गेला, बडोद्यापासून साधारण ९० किलोमीटर, बोडेलीवरून छोटा उदेपूरच्या रस्त्याला. भाषातज्ज्ञ गणेश देवींच्या ‘भाषा’ या संस्थेने तिथे आदिवासी अकादमी उभी केली आहे, आणि वाचा नावाचं म्युझियम पण आहे. राठवा लोकांचा भाग, घरांच्या भिंतींवर पिठोराचे म्हणजे त्यांच्या पूजेच्या भित्तिचित्रांतले घोडे, ते एक वेगळंच प्रकरण आहे, कधीतरी सविस्तर लिहीन. पण तिथे डांगकडून, म्हणजे आपल्या नाशिकला लागून असलेल्या गुजरातच्या डोंगराळ जिल्ह्यातून, आलेले एक काका भेटले आणि त्यांनी पिशवीतून एक साधी थाळी काढली.

थाळी म्हणजे खरंच जेवायची असते तशी धातूची थाळी. मधोमध मेणाचा गोळा दाबून बसवायचा आणि त्यात एक बारीक सरळ काडी उभी करायची. बस. वाद्य तयार. मग ती काडी चिमटीत धरून बोटं वरून खाली ओढायची, एक हात खाली पोचायच्या आत दुसऱ्याने वरून सुरुवात, आणि काडीचं थरथरणं मेणातून थाळीत उतरतं आणि थाळी गुणगुणायला लागते. ठोका नाही, तार नाही, फुंकर नाही. एक अखंड सूर, थोडा वर-खाली होणारा, आणि तो नेमका कुठून येतोय हे डोळ्यांना पटत नाही. काकांनी कणसरीची कथा लावली, कणसरी म्हणजे धान्याची देवी, नागली-भाताची आई. शेजारचा एक जण प्रत्येक ओळीचं शेपूट उचलून धरत होता. बोली कोकणी, म्हणजे गोव्याची नाही, डांग-सुरगाण्याकडच्या कोकणा लोकांची, मला बरीचशी कळत होती. काका म्हणाले, "तुम्ही नाशिकच्या ना? मग पेठ-सुरगाण्यात या की, तिथेही आमचीच माणसं आहेत." माझ्याच जिल्ह्यातलं वाद्य मला गुजरातेत भेटत होतं, त्याच्यावर काय बोलावं सुचेना.

माणेत आणि थाळीत एक मोठा फरक मला तिथेच जाणवला. माण गोष्टीला पळवते, प्रसंग रंगवते, पाऊस पाडते. थाळी तसलं काही करत नाही. ती फक्त जमीन अंथरते आणि आवाज त्यावर चालत राहतो, रात्रभर चालला तरी थकू नये अशा गतीने. एक गावातलं, देवळातलं, रचलेल्या कवितेचं, दुसरं डोंगरातलं, तोंडपाठ कथेचं. पण दोन्ही घरातल्या भांड्यांतून निघालेली आणि दोन्ही गोष्टीवाचून मुकी, म्हणून एकामागोमाग ऐकायला मिळाली याचा मला फार आनंद झाला. म्युझियममध्ये थाळी आणि काडी ठेवता येईल, पण ती कोणी कथा येणारा उचलत नाही तोवर बघणाऱ्याला त्यातून काय कळणार? शिकायला कोण येतं असं मी काकांना विचारलं. म्हणाले, पुतण्या येतो, मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतो, पण कथा अजून पुरी पाठ नाही, लांब आहे ना.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं. बडोद्यात चैत्रात जाता आलं तर बघा, तेव्हा ओखाहरण लावायची पद्धत आहे, उषा-अनिरुद्धाची गोष्ट, ती आपल्यालाही ओळखीची. पेपरात जाहिरात येईलच असं नाही, देवळांत आणि दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी भागातल्या जुन्या माणसांकडे चौकशी करा. माईकपासून लांब आणि माणेच्या जवळ बसा, कारण स्पीकरमधून तिचा खर्ज अर्धा गायब होतो. गुजराती येत नसेल तर आधी गोष्ट वाचून जा. आणि संपल्यावर उठून पळू नका, महाराजांना माण दाखवायला सांगा, ते नाही म्हणत नाहीत.